उंट कोपऱ्यात आहे, आजोबा

माझं ऑफिस हार्बरफ्रंटला आहे. एमआरटीचं शेवटचं स्टेशन, डोक्यावर व्हिवोसिटी, बाजूला बाटामच्या बोटींचा धक्का आणि समोर सेंटोसा. गेल्या अकरा वर्षांत भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी इथूनच केबल कारमध्ये बसवलंय आणि स्वतः परत वर जाऊन ताळेबंद जुळवत बसलेय. मी सीए आहे. शिपिंगच्या धंद्यातली बिलं, डेमरेज, जीएसटी हे माझं जग. त्यामुळे १२ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी जगज्जेतेपदाचा बुद्धिबळ सामना माझ्या खुर्चीपासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर संपत होता, तेव्हाही मी एका कोटेशनवर सही घ्यायला थांबले होते, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही.

तुमच्यापैकी बरेच जण तो सामना बघायला सेंटोसाला जाऊन आले असतील. रिसॉर्ट्स वर्ल्डमधलं इक्वेरियस हॉटेल, २५ नोव्हेंबरपासून चौदा डाव, एका बाजूला चीनचा जगज्जेता डिंग लिरेन, दुसऱ्या बाजूला चेन्नईचा अठरा वर्षांचा डी. गुकेश. तेरा डाव झाले तेव्हा दोघांचे साडेसहा-साडेसहा गुण होते. चौदावा डाव शेवटचा. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीनं महिनाभर आधी बजावून ठेवलं होतं, "आई, शेवटच्या दिवशी आपण तिथे असायचं."

असायचं होतं. पण मी ऑफिसातून खाली आले तेव्हा पावणेसात वाजले होते. ती व्हिवोसिटीच्या दाराशी पाठीवर सॅक घेऊन उभी होती आणि तिच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. "आता पोचेपर्यंत संपेल," एवढंच ती म्हणाली. मग आम्ही दोघी पाण्याच्या कडेला एका बाकावर बसलो. समोर सेंटोसाचे दिवे. तिनं मोबाइल काढला आणि चेसबेस इंडियाचं थेट प्रक्षेपण लावलं. जो खेळ पाण्यापलीकडे चालला होता तो आम्ही, सांगलीत किंवा साताऱ्यात बसलेल्या कुणीही बघावा तसा, हातभर स्क्रीनवर बघत होतो.

तेवढ्यात दुसऱ्या फोनवर सांगलीहून बाबांचा फोन आला.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. माझे वडील सांगलीत शिक्षक होते आणि बुद्धिबळाचे वेडे. सांगली म्हटलं की लोकांना हळद आठवते, नाट्यपंढरी आठवते. आमच्या घरी मात्र सांगली म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकर आणि नूतन बुद्धिबळ मंडळ. मे महिन्यातल्या स्पर्धा, घामेजलेली मुलं, पटांच्या रांगा आणि कुणीही मोठ्यानं बोललं की चहूबाजूंनी येणारं "शूऽऽ". बाबांनी मला पाचव्या वर्षी प्यादी चालवायला शिकवलं. भाग्यश्री साठे आणि खाडिलकर भगिनी, म्हणजे वासंती, जयश्री आणि रोहिणी, ही नावं आमच्या घरात नात्यातल्या बायकांसारखी घेतली जायची. रोहिणी खाडिलकर १९८१ मध्ये आशियाई महिला विजेत्या झाल्या, त्याचं पेपरातलं कात्रण बाबांच्या वहीत चिकटवलेलं होतं.

त्या काळात मोठा सामना 'बघायचा' म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगून पटत नाही. १९९५ मध्ये आनंद आणि कास्पारोव्ह न्यूयॉर्कला खेळले तेव्हा डाव आम्हाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेपरातून कळायचा. ए-चार, सी-पाच असली अक्षरं आणि आकडे. बाबा पट मांडायचे, एकेक खेळी वाचून मोहरं सरकवायचे आणि मध्येच थांबून विचारायचे, "आता तू आनंद. काय खेळशील?" उत्तर चुकलं तरी रागवायचे नाहीत. "का सुचलं तुला असं?" एवढंच विचारायचे.

आता बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला विकार झालाय. नजरेच्या मधोमध धुकं असतं, असं ते सांगतात. कडेचं दिसतं, समोरचं नाही. माणसाचा चेहरा सोडून कान दिसतात म्हणून हसतात. मोबाइलवरचा पट तर अजिबात दिसत नाही. त्या महिनाभर ते सामना फक्त ऐकत होते. पण समालोचक बोलताना मध्ये मध्ये "इथून असं, मग हे इथे" म्हणतात. त्या 'इथे'ला बाबांच्या दृष्टीनं काही अर्थच नव्हता.

"काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "नुसता गलका ऐकू येतोय."

लेकीनं फोन हातात घेतला. तिचं मराठी तुमच्या-आमच्या मुलांचं असतं तसंच. समजतं सगळं, बोलताना दगडावरून दगडावर उडी मारत नदी ओलांडावी तसं. ती म्हणाली, "आजोबा, व्हाइटकडे एक रूक, एक बिशप. ब्लॅककडे पण सेम. पण गुकेशकडे एक पॉन जास्त."

"बिशप म्हणजे उंट ना गं? आणि रूक म्हणजे हत्ती. मराठीत सांग, मला पट दिसायला लागतो."

मग तिनं मला विचारत विचारत सांगायला सुरुवात केली. पांढऱ्याचा हत्ती इथे, काळ्याचा राजा इथे. 'इथे' म्हटलं की बाबा रागवायचे. "इथे म्हणजे कुठे? घर सांग." आणि ती घर सांगायची. ए-आठ. एफ-चार. समोरून सेंटोसाची गाडी येत-जात होती, आमच्या बाजूला एक कुटुंब आइस्क्रीम खात होतं आणि सांगलीत, दिवेलागणीच्या वेळी, एक म्हातारा डोळे मिटून चौसष्ट घरं मनात मांडत होता.

डाव बरोबरीत सुटणार असं सगळेच म्हणत होते. बरोबरी झाली असती तर दुसऱ्या दिवशी जलद डाव झाले असते. पंचावन्नावी खेळी. डिंगनं हत्ती एफ-दोनवर आणला. लेकीनं तसंच सांगितलं, "हत्ती एफ-टू. म्हणजे एफ-दोन."

बाबा एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "उंट कुठं आहे त्याचा?"

"उंट कोपऱ्यात आहे, आजोबा. ए-आठ."

"अजून तिथंच?" आणि पाठोपाठ, "अगं, मग संपलं! हत्तीनं हत्ती मारायचा. आणि आपला उंट डी-पाच. त्याला राजाचा जोर आहे. कोपऱ्यातला उंट पळणार कुठं? उंटाला उंट गेला की प्याद्यांचा खेळ उरतो, आणि प्यादं एक जास्त आहे!"

आम्ही स्क्रीनकडे बघत राहिलो. गुकेश पुढे वाकला होता, त्याचा चेहरा बदलत चालला होता. समालोचक ओरडत होते. मग हत्तीनं हत्ती घेतला, राजानं हत्ती घेतला आणि काळा उंट डी-पाचवर येऊन बसला. बाबांनी सांगितला होता तस्साच. अठ्ठावन्नाव्या खेळीला डिंगनं डाव सोडला. साडेसात विरुद्ध साडेसहा. कास्पारोव्ह १९८५ मध्ये बाविसाव्या वर्षी जगज्जेता झाला होता. हा मुलगा अठराव्या वर्षी झाला. तो पटापाशी बसून रडत होता आणि रडता रडता सगळी मोहरी परत आपापल्या घरात मांडत होता. मग बाहेर येऊन त्यानं वडिलांना मिठी मारली. माझी लेक बाकावर उभी राहून ओरडत होती आणि आइस्क्रीमवालं कुटुंब तिच्याकडे बघत होतं.

फोनवर बाबा म्हणाले, "फार दिवसांनी पट दिसला."

हे झालं आनंदाचं. आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते सांगते.

आमच्या ऑफिसात एक अमेरिकन सहकारी आहे. त्याला बुद्धिबळातलं काही कळत नाही, पण बेसबॉलवर तो तासन्‌तास बोलू शकतो. त्यानं मला एकदा 'मायनर लीग' समजावून सांगितली. तिकडे मोठ्या संघांच्या खाली लहान गावांतल्या संघांची उतरंड असते. शेकडो पोरं तिथे तुटपुंज्या पैशांत, बसमधून रात्र-रात्र प्रवास करत खेळतात. त्यातली थोडीच वर पोचतात. बाकीची पंचविशी-तिशीत कधीतरी घरी परततात आणि मग दुसरं काहीतरी करतात. कुणी विमा विकतो, कुणी शाळेत शिकवतो. हल्ली काही जण कॅमेऱ्यासमोर बसून त्याच दिवसांच्या गोष्टी सांगतात, चेंडू कसा पकडायचा ते दाखवतात, आणि खेळताना कुणी त्यांना ओळखत नव्हतं तेवढं आता ओळखतात.

आपल्याकडच्या रिंकू सिंगची गोष्ट काहींना आठवत असेल. उत्तर प्रदेशातला भालाफेक करणारा मुलगा, २००८ मध्ये चेंडू वेगानं फेकण्याची स्पर्धा जिंकून अमेरिकेत गेला, पिट्सबर्ग पायरेट्सच्या खालच्या संघांतून खेळला. त्यावर २०१४ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' हा सिनेमा आला. पण तो वरच्या लीगपर्यंत पोचला नाही. दुखापती झाल्या आणि पुढे तो 'वीर महान' या नावानं कुस्तीच्या रिंगणात उतरला. सिनेमा संपतो तिथे आयुष्य संपत नाही, ते असं.

बुद्धिबळातही अशी मायनर लीग आहे, फक्त तिला कुणी तसं नाव दिलेलं नाही. ग्रँडमास्टर व्हायला २५०० रेटिंग आणि तीन नॉर्म लागतात. त्याच्या खालची पायरी इंटरनॅशनल मास्टर, २४०० आणि तीन नॉर्म. विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये भारताचा पहिला ग्रँडमास्टर झाला. त्यानंतर सदतीस वर्षांत, जुलै २०२५ पर्यंत, एवढ्या मोठ्या देशात हा आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला होता. म्हणजे मे महिन्याच्या सुट्टीत पटासमोर बसणाऱ्या हजारो मुलांपैकी किती, याचा हिशेब करा. मी सीए आहे, मी केलाय.

त्या संध्याकाळी आम्ही ज्याचं प्रक्षेपण बघत होतो ते चेसबेस इंडिया उभं करणारे सागर शहा याच दुसऱ्या पायरीवरचे. मुंबईचा मुलगा, इंटरनॅशनल मास्टर झाला, ग्रँडमास्टर होता होता राहिला. आणि गंमत म्हणजे तोही सीए! मी सीए होण्यासाठी बुद्धिबळ सोडलं आणि या माणसानं सीए होऊन बुद्धिबळ धरलं. त्यांच्या पत्नी अमृता मोकळ याही खेळाडू. दोघांनी मिळून कॅमेरा उचलला आणि स्पर्धांमागून स्पर्धा पालथ्या घातल्या. त्यांचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील तर एक गोष्ट लक्षात आली असेल. ते फक्त आनंद किंवा कार्लसनच्या मागे धावत नाहीत. दालनाबाहेर उभे राहून नऊ-दहा वर्षांच्या पोराला विचारतात, "आत्ता काय झालं? तू ही खेळी का केलीस?" पोरगं नाक पुसत पुसत पटावर दाखवतं. गुकेश अकरा वर्षांचा असताना, आपल्याला सगळ्यात लहान वयाचा जगज्जेता व्हायचंय, असं यांच्याच कॅमेऱ्यासमोर म्हणाला होता. सात वर्षांनी आमच्या समोरच्या बेटावर तो झाला, आणि तोच जुना व्हिडिओ घरोघरी फिरला.

२०२० च्या सर्किट ब्रेकरमध्ये आपण सगळे घरात कोंडलेलो असताना समय रैना नावाचा विनोदी कलाकार सागर शहांना सोबत घेऊन ऑनलाइन बुद्धिबळ खेळायला लागला. विदित गुजराथी, आपला नाशिकचा, तोही त्यात असायचा, आणि आनंदसुद्धा आला. ज्यांना घोड्याची अडीच घरंही माहीत नव्हती ते लोक तासन्‌तास बघत बसले. माझी लेक तेव्हा साडेनऊ वर्षांची होती. खो खो हसायची आणि हसता हसता खेळ शिकली. मी शिकवला नाही. मी पटाला हात लावत नव्हते. का, ते पुढे येईल.

जगभर हीच कथा. क्रोएशियाचा अगादमेटर म्हणून ओळखला जाणारा अंतोनियो रादिच कुठल्याच मोठ्या किताबाचा मानकरी नाही, तरी जुने डाव रंगवून सांगतो आणि लाखो लोक ऐकतात. न्यूयॉर्कचा लेव्ही रोझमन इंटरनॅशनल मास्टर आहे, पण त्याचा प्रेक्षकवर्ग जगज्जेत्यांनाही हेवा वाटावा एवढा मोठा. मला वाटतं, फार वरच्या माणसाला चूक का होते ते सांगता येत नाही, कारण त्याला ती चूक सुचतच नाही. अर्ध्या वाटेवर थांबलेल्याला ती वाट दगडा-काट्यांसकट पाठ असते. आपल्याकडेही हे नवीन नाही. जयश्री आणि रोहिणी खाडिलकर दोघीही पुढे वृत्तपत्राच्या संपादनात गेल्या. खेळणारी माणसं सांगणारी झाली. फक्त साधन बदललं.

हे सगळं मी आज शहाणपणानं लिहितेय. पण जानेवारीत माझ्यावर वेळ आली तेव्हा यातलं काहीही मला सुचलं नाही.

एका वयोगटाच्या स्पर्धेत लेकीनं जिंकलेला डाव बरोबरीत सोडला. दोन वर्षं तिचं रेटिंग एका जागी अडकलं होतं. दुसऱ्या दिवशी ती मला भेटायला हार्बरफ्रंटला आली. आम्ही सिया इम फूड सेंटरमध्ये बसलो होतो. तिनं समोरच्या नूडल्सना हात न लावता सांगितलं, "आई, मला टूर्नामेंट्स थांबवायच्यात."

मी आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग समजावलं. मग माझा तोल गेला. कोचिंगची फी, शनिवार-रविवार, बँकॉकची आणि क्वालालंपूरची विमानं, सगळं काढलं. आणि शेवटी जे बोलू नये ते बोलले, "मग एवढी वर्षं केलंस काय?"

ती शांतपणे म्हणाली, "तू पण थांबलीस ना? आजोबांनी सांगितलं मला."

मी थांबले होते. सतराव्या वर्षी, बारावीच्या आधीच्या मे महिन्यात. राज्य स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत जिंकले असते तर राष्ट्रीय स्पर्धेत गेले असते. हरले. सांगलीला येणाऱ्या एसटीत बाबांनी विचारलं, "का सुचलं तुला ते?" तेच त्यांचं नेहमीचं वाक्य, त्याच मऊ आवाजात. मी म्हणाले, "पुरे आता. मला परत बुद्धिबळ नको." घरी आल्यावर डावांच्या वह्या रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवल्या. पुढे बारावी, बी.कॉम., सीए, लग्न, सिंगापूर. मी सगळ्यांना सांगत आले की अभ्यासासाठी खेळ सोडला. खरं म्हणजे मला हरणं सहन झालं नव्हतं.

पण त्या टेबलापाशी बसल्यावर पहिल्यांदा मला दुसरंच काहीतरी दिसलं. मी थांबल्यावर बाबाही थांबले होते. त्यांचा पट कपाटावर गेला तो गेलाच. मंडळात ते जात राहिले, स्पर्धांना मदत करत राहिले, पण घरात पुन्हा कधी "आता तू आनंद" म्हणाले नाहीत. आमच्यात बोलायला तोच एक विषय होता. तो मी काढून घेतला आणि मग तीस वर्षं आम्ही फोनवर जेवण, पाऊस आणि औषधं यांवर बोललो.

लेकीला मी यातलं काही बोलले नाही. "घरी बोलू," म्हटलं. घरीही बोललो नाही. आठवडाभर आमच्यात कोर्टातल्यासारखा व्यवहार चालला.

मग एका रविवारी तिच्या खोलीतून आवाज आला. "नमस्कार आजोबा. आजचा डाव आहे तेरावा. पांढरा राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे नेतो." मी दाराशी थांबले. तिनं टेबलावर पट मांडला होता, वर लॅम्पला मोबाइल बांधला होता आणि एकेक खेळी मराठीत सांगत होती. 'इथे' हा शब्द कटाक्षानं टाळत होती. प्रत्येक पाच खेळ्यांनंतर थांबून सगळा पट पुन्हा सांगत होती, कोण कुठल्या घरात आहे ते. बाबांना धुक्यातही चालावं म्हणून.

बाबांचा फोन संध्याकाळी आला. माझ्यासाठी नव्हता, तिच्यासाठी होता. "सतराव्या खेळीला घोडा सांगितलास तो कुठला? राजाकडचा की वजिराकडचा? नीट सांगत जा." वीस मिनिटं दोघं भांडत होते. भांडणात ती 'अहो' म्हणायला लागली होती. मराठी शाळेच्या वर्गात चार वर्षांत जे झालं नाही ते त्या घोड्यानं केलं.

तिथून दर रविवारी एक डाव. यूट्यूबवर ठेवते. बघणारे किती? मागच्या आठवड्यात एक्केचाळीस. त्यातले निम्मे नातेवाईक, हे कबूल करते. पण उरलेल्यांत बाबांचे मंडळातले दोन जुने सोबती आहेत. एकाला ऐकू कमी येतं, तो बघतो. बाबांना दिसत नाही, ते ऐकतात. रविवारी संध्याकाळी दोघं बाबांच्या व्हरांड्यात बसून एकच व्हिडिओ दोघांत मिळून पुरा करतात. कपाटावरचा पट खाली आलाय. बाबा बोटांनी चाचपून मोहरी लावतात.

मला हे सगळं लगेच पटलं, असं मात्र समजू नका. जुलैत दिव्या देशमुखनं पुन्हा पंचाईत केली. नागपूरची एकोणीस वर्षांची मुलगी जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक खेळायला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. २८ जुलैला तिनं अंतिम फेरीत कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवलं, विश्वचषक जिंकला आणि त्या विजयाच्या जोरावर थेट ग्रँडमास्टर झाली, भारताची अठ्ठ्याऐंशीवी. मी लेकीला ताबडतोब मेसेज केला, "बघ! नॉर्म नसताना!" उत्तर आलं, "बघितलं. रविवारी तोच डाव सांगणार आहे."

मी कपाळाला हात लावला. पण रविवारी व्हिडिओ ऐकला तेव्हा गप्प बसले. तिनं दिव्याचं यश सांगितलंच, पण हंपीची चूक ज्या खेळीत झाली तिथे ती थांबली. म्हणाली, "इथे कुणालाही असं वाटू शकतं. मला पण वाटलं असतं. का वाटलं, ते आपण बघू या." त्या आवाजात मला एसटीतले बाबा ऐकू आले. का सुचलं तुला ते? सतराव्या वर्षी तो प्रश्न मला आरोप वाटला होता. तो आरोप नव्हता. डाव संपल्यावरही डावाशेजारी बसून राहण्याचं ते आमंत्रण होतं, आणि मी ते न घेताच उठून गेले होते.

परदेशात मुलं वाढवताना आपण सगळेच थोडे हिशेबी होतो. पियानोच्या किती परीक्षा, पोहण्याचं कुठलं पदक, कुठल्या रेटिंगवर कुठली शाळा. मीही त्यातलीच. घातलेल्या पैशांचं काय झालं, हा प्रश्न मला आजही रात्री पडतो. पण आमच्या वहीत एक नोंद अशी आहे जी कुठल्या रकान्यात घालावी ते मला सीए असून कळत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला रविवारची वाट बघायला लागते.

लेक पुढे काय करेल, पुन्हा स्पर्धा खेळेल का, माहीत नाही. तिनं पट सोडलेला नाही, एवढं मला दिसतं. ती त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसलीय.

मागच्या महिन्यात तिची परीक्षा होती. रविवार बुडणार होता. मी ऑफिसातून खाली उतरले, त्याच बाकावर बसले आणि सांगलीला फोन लावला. समोर सेंटोसाचे दिवे लागत होते. "बाबा," म्हटलं, "आज डाव मी सांगते. माझाच आहे. राज्य स्पर्धेतला, शेवटच्या फेरीचा. पण मला पंधरा खेळ्यांपुढे आठवत नाही."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग कपाट उघडल्याचा आवाज आला.

"थांब," बाबा म्हणाले. "वही आहे माझ्याकडे. मला वाचता येत नाही, पण तुझ्या आईला वाचायला सांगतो. तू खेळ्या सांग, अडलीस की ती पुढचं वाचेल. पांढरी कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," मी म्हणाले.